तीन ओंजळी रेती

आबांच्या झिऱ्यावर कुणालाही लगेच पाणी प्यायला मिळत नसे. सावद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, उंबराच्या मुळांतून तो झिरा वाहायचा. काठावर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून आबा बसलेले. पाहुणा पाण्याकडे वाकला की ते म्हणत, "पह्यले तीन ओंजळी रेती काढा, मंग पानी." मामलेदार असो की अंगावरची हळद न उतरलेली नवरी, सुटका कुणाचीच नव्हती. त्यातही बूट घालून आलेला माणूस त्यांना विशेष आवडे. त्याचे बूट निघेपर्यंत ते फार प्रेमाने पाहत राहत.

आम्ही भुसावळला राहत होतो. बाबा रेल्वेत इंजिनिअर. थंडीत रेल्वेची आणि वरणगावच्या कारखान्याची मंडळी ट्रक भरभरून झिऱ्यावर भरिताच्या पार्टीला येत. वांगी भाजायची ती कपाशीच्या काड्यांवर, आणि तीही आबा दाखवतील तिथेच, पाण्याच्या खालच्या अंगाला. बायका गाणी म्हणत, पुरुष पत्ते कुटत. मी इंग्रजी शाळेतली, मराठीत पटकन बोलायला लाजणारी. पुस्तक घेऊन उंबराखाली बसायची.

"बोलत नही का वं, माय?" आबांनी एकदा विचारलं.

मी मान हलवली. ते खूश झाले. न बोलणारं माणूस त्यांना ऐकणारं म्हणून बरं वाटत असावं. ते मूळचे धुळ्याकडचे. तिथली बोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांनी मला सांगितलं, की पाण्याबरोबर खालून रेती वर येत राहते. ती काढली नाही तर झिऱ्याचं तोंड बुजतं आणि पाणी दुसरी वाट धरतं. "मी एकला कितली काढू? म्हनीसन बठ्ठासले कामले लावस." सगळ्यांना कामाला लावायची ही युक्ती सांगून त्यांनी डोळे मिचकावले.

पुढच्या वर्षी हौशी मंडळींनी ठरवलं, की इथे पायऱ्यांचा पक्का हौद हवा. म्हणजे पोहता येईल, लोक वाढतील. नकाशा बाबांनी काढला. तळाला सिमेंट.

आबा नकाशाकडे बघेनात. "साहेब, सिमिट नका टाकू. रेती निंघाले जोयजे. नही ते पानी चालनं जाई."

"आबा, आम्ही नद्यांवर पूल बांधतो," बाबा हसून म्हणाले.

आबा माझ्याकडे वळले. "माय, तू सांग ना तुन्हा बापले. तू शिकेल शे, तुनं आयकतीन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तकात डोकं घातलं.

त्यानंतरच्या थंडीत आम्ही गेलो तेव्हा हौद चकचकीत होता. आत पाण्याऐवजी उंबराची वाळकी पानं आणि एक बेडूक. आबा हौदावर नव्हते. चाळीसेक पावलं खाली, लव्हाळ्यात, ओली जमीन शोधून ते हातांनी उकरत बसले होते. बाबा जवळ जाऊन उभे राहिले.

"आबा, चुकलं माझं."

आबांनी वर पाहिलं नाही. "चुकनं ते चुकनं. बूट काढा."

बाबांनी पँट दुमडली. मग आबांनी मला हाक मारली. "तू बी ये, माय. तुले ते ठाऊक व्हतं." त्यात राग नव्हता, म्हणूनच मी फार वेळ रेती काढत राहिले. दुपारपर्यंत खळग्यात गढूळ पाणी साठायला लागलं. संध्याकाळी त्यात आबांचा चेहरा दिसला, दात नसलेला, हसरा.

आबा गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी लग्न होऊन धुळ्याला होते. यंदा थंडीत यजमानांबरोबर झिऱ्यावर गेले. काठावर कुणी नव्हतं. सहलीला आलेला एक घोळका थेट पाण्याकडे वाकला होता.

"आधी तीन ओंजळी रेती काढा," कुणीतरी मोठ्याने म्हणालं. यजमान माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा कळलं, ती मी होते.

"का हो बाई, झिरा तुमचा आहे का?" एकाने विचारलं.

मी पदर खोचला, पाण्यात उतरले आणि म्हटलं, "बूट काढा."