बिनदारूची बैठक

दारू सुटली का माणसाजवळ दोन गोष्टी उरतात, वेळ अन् किस्से. वेळ आम्ही बायकोले देतो अन् किस्से दर रविवारी भंडाऱ्यात जमून एकमेकाले सांगतो. आम्ही म्हणजे सोडलेले. या जमण्याले आम्ही बैठक म्हणतो.

त्या नावानंच एकदा घोटाळा केला. आसगावचा एक धानवाला शेतकरी नवीन आला होता. दुसऱ्या रविवारी बायकोले म्हणे, "बैठकीले जाऊन राहिलो." तिनं बाहेरून कडीच लावली. वीस वर्षं तिनं दुसरी कोणती बैठक पाहिली होती? आम्ही तिघं समजावायले गेलो, तं आमचे थोबाडं पाहून म्हणे, "आता तं न्यायले घरीच येऊन राहिले!" शेवटी तीच सोबत आली. आता नवऱ्याच्या आधी येऊन बसते.

*

जवाहरनगरचा आमचा एक दोस्त फिटर आहे. सोडल्यावर पहिल्यांदाच पोराच्या पालकसभेले गेला. इस्त्रीचा शर्ट घालून आठवीच्या वर्गात जाऊन बसला. मॅडम म्हणाल्या, "तुमचा मुलगा दहावीत आहे." पोरगा दारातच उभा होता. म्हणे, "चला बाबा, माझा वर्ग वरती आहे." हे सांगताना फिटर आधी हसला, मग रडला. आम्ही चहा मागवला.

*

लग्नात मले कोणीतरी हमखास म्हणते, "काका, थोडीशी चालते." मी म्हणतो, "थोडीशी जमली असती तं सोडली कायले असती?"

*

माझं खरं दुखणं म्हणजे माझी पोरगी. वरठीले दिली आहे. माझ्या पिण्यापायी चार वर्षं तिनं बोलणं टाकलं होतं. सोडल्यावर मी फोन केला. म्हटलं, "बाई, सोडली मी." तिकडून आवाज आला, "कितव्यांदा?" अन् फोन कट. खोटं कायले सांगू, लय लागलं. पण विचारणं बरोबर होतं. ती पाचवी वेळ होती.

*

दीड वर्षानं ती पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली. आईले आधीच बजावलं होतं, "बाबांनी बाळाले हात लावायचा नाही." मी कबूल केलं. घरात नात आली अन् मी पंधरा दिवस पाहुण्यावाणी दारातूनच पाहत होतो.

एका दुपारी बायको दळण आणायले गेली होती. पोरीचे डोळे जागरणानं उघडत नव्हते. ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अन् बाळ माझ्या हातात ठेवलं.

"मानेखाली हात धरा," म्हणे. "मी जरा झोपते."

अन् खरंच झोपली.