पहिला बार पांचाळांचा

पांचाळकाका कुणाच्याही हातून बंदूक घेत नसत. त्यांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात शिरणाऱ्याने ती आधी गोणपाटावर ठेवायची, नळीचं तोंड भिंतीशी रचलेल्या वाळूच्या पोत्यांकडे करायचं, स्वतः उघडून दाखवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. मग काका चष्मा पुसत उठणार. गिऱ्हाईक फौजदार असला तरी यात सूट नव्हती. "रिकामी हाय असं सगळेच म्हनतात," ते म्हणायचे, "ते बंदुकीनं म्हनायला पायजे."

त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो तो आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हट्टामुळे. पोशीरला आमची भातशेती. दाणा भरायला लागला की रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत अर्धं शेत लोळवून जातात. त्यांना आवाजानं पळवायला अण्णांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची जुनी दुनळी बंदूक होती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन वर्षं ती खुंटीवरच राहिली आणि पुढे तिचा खटका असा अडकला की बंदूक उघडेना. आधी एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "ठेवून जा, परवाना-बिरवाना दाखवायची गरज नाय." अण्णा त्याच्या पायरीवरूनच परतले. "ज्याला माझा कागद बघायचा नाय, त्याच्याकडे बंदूक कशाला ठेवू?" शेवटी कोंडाण्याच्या आमच्या आतेभावाने पत्ता दिला. "खालापूरला पांचाळ हाय. मानूस सोन्यासारखा, पन तोंड कानशीसारखं."

कानस कशी चालते ते आम्ही पहिल्याच भेटीत पाहिलं. काकांनी आधी परवाना मागितला, त्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला आणि म्हणाले, "उघडा."

"उघडत नाय म्हणून तर आणली," अण्णा म्हणाले. "रिकामी हाय. मी स्वतः ठेवलीय."

"मग भरलेलीच धरू. तुमी दोघं समोरच्या टपरीवर चहा घ्या."

अण्णांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं परवाना बाळगलेल्या माणसाला असं कुणी बोललं नव्हतं. चहा त्यांनी घेतलाच नाही. तासाभराने काकांनी हाक मारली, पण एकट्या अण्णांना. मी टपरीवरून पाहत होते. काकांनी मूठ उघडून काहीतरी दाखवलं आणि अण्णा मटकन स्टुलावर बसले.

परतीचा टेंपो कर्जतला पोचला. तेव्हा अण्णा म्हणाले, "आत काडतूस होतं गं. डाव्या नळीत. ओल लागून फुगलेलं." थोड्या वेळाने, "त्या खुंटीखाली तुझी पोरगी झोपते."

अण्णा पुढे म्हणाले, "पांचाळानं मला एकट्यालाच बोलावलं, लेकीसमोर नको म्हणून. बोलला, अण्णा, चूक कोनाची बी होते. दडवली की पुन्ना होते." घरी पोचताच अण्णांनी ओटीवर सगळ्यांना बोलावलं आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. त्यांना असं करताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुरुस्तीला दोन महिने लागले. खटका पहिल्याच दिवशी सुटला होता, पण डाव्या नळीला पोचा होता आणि बिजागरी ढिली झाली होती. अण्णांना दम निघेना. फोन केला की काका म्हणायचे, "बंदूक हाय अण्णा, वडापाव नाय." आणि फोन ठेवून द्यायचे. पोचा काढायला ते नळीत तांब्याचा गोळा सरकवून बाहेरून लाकडी हातोडीने अगदी हलके ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्यानंतर नळी उजेडाकडे धरून पाहायचे. एकदा मी विचारलं, "काका, एवढ्या वेळा काय बघता?" ते म्हणाले, "पोरी, एकदा बघून ज्याला कळतं तो देव. मी लोहार."

बंदूक तयार झाली तेव्हा पोलीस ठाण्यात कळवून ते आम्हाला दगडखाणीच्या मोकळ्या खड्ड्यात घेऊन गेले. बंदूक जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि स्वतः खडकाआड बसले. अण्णा पुढे झाले, "दोरी मी ओढतो. बंदूक माझी हाय."

"बंदूक तुमची, काम माझं. पयला बार माझा. काय झालं तर माझ्याच समोर होऊ दे."

दोन्ही बार नीट निघाले. काकांनी नळ्या पुन्हा उजेडात पाहिल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

चार हंगाम ती बंदूक उत्तम चालली. पाचव्या वर्षी अण्णा ती तेलपाण्यासाठी घेऊन गेले, सोबत मी होतेच. काकांनी काम केलं, मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "अण्णा, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आज कुठला वार हाय, बघा बरं." अण्णांनी डोळे बारीक केले. मान पुढे नेली. वार काही दिसेना.

"बंदूक ठीक हाय," काका हळू आवाजात म्हणाले. "डोळे नाय ऱ्हायले. आता ठेवा खाली."

हे घरात आम्ही वर्षभर सांगत होतो आणि शिव्या खात होतो. पांचाळांना मात्र अण्णा "बरं" म्हणाले. त्याच आठवड्यात बंदूक रीतसर ठाण्यात जमा झाली. शेताला माझ्या भावाने विजेचा हलका झटका देणारं कुंपण घातलं.

आता पांचाळकाकांनीही दुकान बंद केलंय. घरामागे वांगी-मिरच्या लावतात. अण्णा पंधरवड्याला एकदा भावाला गाडी काढायला लावून खालापूरला जातात, दिवसभर तिथे बसतात, भांडतात, जेवतात आणि खुशीत परततात. परवा मी चिडवलं, "बंदूक गेली, दुकान गेलं. आता काय दुरुस्त करायला जाता हो?"

अण्णा चप्पल घालता घालता थांबले. "घरात तुमी सगळी माझं मन राखता गं," ते म्हणाले. "मन न राखता माया करनारा तो एकच हाय."