आज साहेबाले काय आवडलं?

डोमाजी आमच्या अंगणात आले की कुत्र्याकडे पाठ करून बसत. पहिल्या दिवशी मला त्याचा रागच आला. बोलावलं होतं आजारी कुत्र्यासाठी, आणि हा माणूस फाटकातून आला, चपला काढल्या, ओट्याच्या पायरीवर बसला आणि समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत राहिला. कुत्रा मागे, हे पुढे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी मी म्हटलं, "डोमाजी, पेशंट मागे आहे."

"मालूम हाये जी," ते शांतपणे म्हणाले. "पहिले त्यानं मले पाहून घेतलं पायजे. त्याच्या घरी मी आलो, मी कायले घाई करू?"

माझा कुत्रा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याचं नाव हवालदार. इटियाडोह धरणाकडच्या एका गावात मी शिक्षिका होते, तेव्हा तो पिल्लू असल्यापासून शाळेच्या फाटकात बसायचा आणि उशिरा येणाऱ्या पोरांवर भुंकायचा, म्हणून पोरांनीच ते नाव ठेवलं. माझी बदली झाली त्या दिवशी तो मोपेडच्या मागे एवढा पळत आला की मला थांबावंच लागलं. तेव्हापासून तो आणि मी. निवृत्त झाल्यावर गोंदियाला लागून मुर्रीत घर बांधलं, तेही त्याला अंगण हवं म्हणून. लोक म्हणायचे, एकट्या बाईला एवढं अंगण कशाला. मी म्हणायचे, मी एकटी कुठे आहे?

त्या पावसाळ्याच्या शेवटी त्याचे मागचे पाय गेले. मूत्रपिंडंही थकली होती. शहरातले डॉक्टर तरुण होते, हुशार होते. त्यांनी तपासून सांगितलं, "मॅडम, उम्र हो गई है. अब तकलीफ मत दो उसको." सोमवारी घरी येऊन इंजेक्शन देतो म्हणाले, फक्त धरायला कोणीतरी माणूस ठेवा. डोमाजींना मी बोलावलं ते त्या धरण्यासाठी. ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून केलेली. बैलाच्या खांद्याची जखम, गाईचं अडलेलं वासरू, शेळीचं फुगलेलं पोट, सगळ्यात हात घातलेला माणूस.

त्या पहिल्या दिवशी हवालदार मागचे पाय फरफटत पुढे आला आणि त्यानं डोमाजींच्या सदऱ्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग डोमाजींनी मान न वळवता हात मागे नेला आणि त्याच्या कानामागे ठेवला. "सोमवारले धरतो मी," ते म्हणाले. "पन आज गुरुवार हाये. हे चार दिवस तुमी काय करता?"

"काय करणार? बघत बसणार," मी म्हटलं.

"मंग मले द्या ना ते दिवस."

मी तशी कोणाचं ऐकणारी बाई नाही. तीस वर्षं पोरांना ऐकवण्यात गेली, ऐकायची सवय राहिली नाही. पण त्या दिवशी मी मान डोलावली. शेजारी, नातेवाईक, सगळे मला त्याला सोडून दे म्हणत होते. त्याचे दिवस मागणारा हा एकच भेटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी सायकलवर तणसाचा भारा आणि रिकामे बारदाने, गोणपाटाची पोती, घेऊन हजर. धानाचं तणस पसरून, वर बारदाना अंथरून त्यांनी हवालदारासाठी गादी केली. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकत होते, म्हणून ओट्यापासून फाटकापर्यंत बारदान्यांचा रस्ता केला. माझ्या नव्या फरशीचं कौतुक एका फटक्यात झाकून गेलं. मग माझा एक जुना सुती दुपट्टा मागितला, तो हवालदाराच्या पोटाखालून घातला आणि दोन्ही टोकं वर धरून म्हणाले, "उचलू नोका. नुसता आधार द्या. चालन तोच."

सगळंच त्यांना येत होतं असं मात्र नाही. औषध पाजायची वेळ आली तेव्हा डोमाजींनी आयुष्यभराच्या सवयीनं हवालदाराचं तोंड आकाशाकडे केलं आणि बैलाला नळीनं पाजतात तसं सगळं औषध एकदम घशात ओतलं. हवालदार ठसकला, गुदमरला, डोळे पांढरे केले. मी ओरडले, "मारता का त्याला?" डोमाजींचा चेहरा पडला. हवालदाराला ठसका थांबेपर्यंत त्यांनी मांडीवर धरलं आणि मग माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून म्हणाले, "चुकलं साहेब. मी बैलाचा मानूस. तुमचं खातं मले नवीन हाये." संध्याकाळी ते शहरात त्या डॉक्टरांकडे जाऊन आले. चमच्यानं, गालाच्या बाजूनं, थोडं थोडं कसं द्यायचं ते शिकून आले. साठी उलटलेला माणूस, पण विचारायला लाजला नाही. मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला तो तेव्हापासून.

सोमवारी डॉक्टर आले तेव्हा हवालदार दुपट्ट्याच्या आधारानं फाटकात उभा होता. एक टोक माझ्या हातात, एक डोमाजींच्या. तो डॉक्टरांवर असा भुंकला की ते बॅग घेऊन तिथेच थांबले. "मॅडम, ये तो मुझे ही भगा रहा है," ते हसून म्हणाले. इंजेक्शन बॅगेतच राहिलं. त्यांनी औषधं बदलून दिली, कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते डोमाजींना दाखवलं आणि गेले.

पुढचे अकरा महिने डोमाजी रोज संध्याकाळी येत राहिले. कपडे वाळत घालायच्या तारेला सलाईनची बाटली लटकवायची, पाठ करून बसायचं, हवालदारानं वास घेतला की कामाला लागायचं. कूस कधी बदलायची, कोपराला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, ओल्या बारदान्याची कंटाळा न करता अदलाबदल कशी करायची, सगळं त्यांनी शिकवलं. मला वैतागही यायचा. एकदा पहाटेपासून तीन वेळा अंथरूण बदललं आणि मी हवालदारावर खेकसले. नंतर रडले. डोमाजींना सांगितलं तर म्हणाले, "खेकसा ना जी. तो का तुमाले आज ओळखून राहिला का?"

त्यांचा रोजचा प्रश्न एकच असायचा. "आज साहेबाले काय आवडलं?" मी औषधांच्या वेळा सांगायला लागले की हात हलवायचे. "गोळी तुमी देल्ली, ते तुमचं काम झालं. त्यानं काय केलं ते सांगा." मग मला दिवसभर बघावंच लागे. आज त्याला दूधवाल्याच्या सायकलची घंटी आवडली. आज बोडीच्या काठावर नेलं तर पाण्यात पाय बुडवून उभा राहिला. आज शेजारच्या मांजराला बघून शेपटी ताठ केली. एवढं ऐकलं की डोमाजी उठत. "मंग ठीक हाये. उद्या येतो." एकदा मी विचारलं, एखाद्या दिवशी सांगायला काहीच नसलं तर? ते चपला घालता घालता म्हणाले, "एखांद्या दिवशी नसलं तं चालते. रोजच नसलं, तं मंग आपन त्याले आपल्यासाठी ठेवून राहिलो."

ते वाक्य मला मुळीच आवडलं नाही.

भादव्यात हवालदारानं खाणं सोडलं. आता खाईल ते द्या, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून मी अंडी उकडायची. माझ्या माहेरी आणि सासरी कोणी अंड्याला हात लावला नाही. त्याच्यासाठी ओट्यावर वेगळी शेगडी आणि वेगळं भांडं ठेवलं होतं. पहिला दिवस कोरा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी पाण्यालाही तोंड लावलं नाही, बोडीकडे मान वळवली नाही, दूधवाला घंटी वाजवून गेला. डोमाजींची यायची वेळ झाली आणि वाटीत अंडं तसंच. ते आले की आधी वाटीत डोकावायचे, हे मला माहीत होतं. मी वाटी उचलली आणि ते अंडं स्वतः खाऊन टाकलं. उभ्यानं, दोन घासांत.

डोमाजी आले. वाटी पाहिली. पाठ करून बसले. हवालदारानं वास घ्यायला मान उचलली नाही. "आज काय आवडलं?" त्यांनी विचारलं.

"अंडं खाल्लं," मी म्हटलं. "पूर्ण."

ते पेरूच्या झाडाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या पदराले पिवळं लागलं हाये."

मी पदर पाहिला आणि मला रडू कोसळलं. त्यांनी समजूत घातली नाही, जवळही आले नाहीत. माझं रडून होईपर्यंत तसेच बसून राहिले. उठताना एवढंच म्हणाले, "पदर धुऊन टाका. वाळलं का निंघत नाई. सकाळी मी डॉक्टरले घेऊन येतो."

सकाळी हवालदाराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोमाजी डॉक्टरांना घेऊन त्याला धरायला आले होते, पण इंजेक्शनच्या वेळी धरायची गरज पडली नाही. त्यांनी नुसता हात कानामागे ठेवला. पेरूच्या झाडाखाली खड्डा त्यांनीच खणला आणि आत तणस अंथरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटक वाजलं. डोमाजी पायरीवर बसले आणि म्हणाले, "आज तुमाले काय आवडलं?" मी चिडले. म्हटलं, मी काय कुत्रा आहे? "नाई ना," ते म्हणाले. "त्याचं तं पाहा लागे. तुमाले सांगता येते." त्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं. पण ते येत राहिले, आणि पंधरा दिवसांनी मी म्हटलं की आज पेरूला फुलं दिसली. "मंग ठीक हाये," म्हणत ते उठले. हवालदाराचे अकरा महिने मला त्यांनी दिले हे मी सगळ्यांना सांगते. त्यानंतर मलाही त्यांनीच उभं केलं, ते सांगायचं राहून जातं, म्हणून इथे लिहिते आहे.

पुढच्या वर्षी डोमाजी स्वतः आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं. नागपूरला नेलं आणि थोड्याच दिवसांत परत आणलं, त्यावरून समजायचं ते सगळे समजले. आता संध्याकाळी मी जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांच्या खाटेकडे पाठ करून बसले. मागून हसण्याचा आवाज आला. "पाहून घेतलं बाई," ते म्हणाले, "फिरा आता इकडं." मी विचारलं, आज काय आवडलं? "सूनबाईनं पेजीत चुकून मीठ टाकलं," ते दबक्या आवाजात म्हणाले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. "कोनाले सांगू नोका." कधी त्यांना गल्लीतल्या बैलाच्या घुंगरांचा आवाज आवडलेला असे, कधी उशाशी आलेलं ऊन. मी ऐकायचे आणि मंग ठीक हाये म्हणून उठायचे.

ते गेले त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि प्रश्नाला उत्तर आलं नाही. आदल्या दिवशीही आलं नव्हतं. त्यांची सून वैशाली रिकामी वाटी घेऊन दारात उभी होती. पोरगी वयानं लहान, सासऱ्यावर जीव टाकणारी. "आज बाबांनी पूर्ण पेज खाल्ली, बाई," ती घाईनं म्हणाली. तिच्या ओढणीच्या टोकाला भाताचं शीत चिकटलेलं होतं.

मी उठून तिच्याजवळ गेले. वाटी तिच्या हातातून घेतली आणि म्हटलं, "ओढणी धुऊन टाक, बाळा. वाळलं की निघत नाही."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तिचं होईपर्यंत मी तशीच उभी राहिले. नंतर आम्ही दोघी आत जाऊन डोमाजींच्या खाटेजवळ बसलो, आणि मी माझा हात त्यांच्या कानामागे ठेवला.