जेवलाव का, दिगंबरराव?

आमच्या गावचा खुनी काल पहाटे वारला.

माझे वडील. आम्ही दादा म्हणायचो. उभ्या आयुष्यात कुणाला साधी चापट मारली नाही.

कमेंटमध्ये रडके चेहरे टाकू नका. आधी वाचा.

कळंब तालुक्यातलं आमचं गाव. दुष्काळाची वर्षं. मी उस्मानाबादला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते.

दादा गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायचे. संस्थेनं टीव्ही घेतला, तेव्हा तो लावायचं आणि अँटेना फिरवायचं कामही त्यांच्याकडंच आलं.

संस्थेच्या ओट्यावर उभं राहून ते येईल त्याला एकच विचारायचे.

"जेवलाव का?"

दूध घालायला आलेला असो की भांडायला आलेला असो, प्रश्न हाच.

त्यांच्या वडिलांना गावातल्या एकाही ओट्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. दादा ओट्यावरून अख्ख्या गावाच्या जेवणाची चौकशी करायचे.

मग ती हिंदी सिरियल सुरू झाली. नाव आता कुणालाच आठवत नाही. गाव तिला 'घरवाला खुनी' म्हणायचं.

त्यातला माणूस कारकून. बायको, लेकरं. संध्याकाळी जिलबी घेऊन यायचा, लेकरांचा अभ्यास घ्यायचा. आणि दर एपिसोडला कुणाचा तरी मुडदा पाडायचा.

त्याआधी चष्मा काढायचा. शर्टाच्या टोकानं सावकाश पुसायचा. आणि गोड आवाजात विचारायचा, "खाना खाया आपने?"

झालं.

पहिल्याच दिवशी टीव्हीसमोरच्या सगळ्या माना मागं वळल्या. मागं दादा उभे. हातात अँटेनाची वायर.

आमच्या शेजारच्या काशीबाईला तो खुनी भलताच आवडला.

"खून बाहीर करतंय, पर घरी येऊन भांडी घासतंय बघ. आमचं येडं खूनबी करंना आन् भांडीबी घासंना."

पुरुष मंडळींचा वाद आठवडाभर चालायचा. लेकराबाळांसाठी करतोय म्हणून त्याला माफ करायचं की नाही? दोघं तर एकमेकांशी बोलायचेच बंद झाले.

दादांची मात्र पंचाईत झाली. त्यांनी "जेवलाव का?" म्हटलं की लोक किटली ठेवून लांबूनच ओरडायचे, "व्हय व्हय! पोट गच्च हाय!"

एकानं तर हात जोडले. "दादा, आमचं काय चुकलं का?"

गाव हसायचं. दादांना लागायचं.

"आता माणसाला इचारावं तरी काय?" असं आईला म्हणायचे.

त्याच उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. निम्मं पाणी गावाला, निम्मं गावाबाहेरच्या आमच्या वस्तीला, असा सरकारी हुकूम होता.

टँकर आधी वेशीत थांबायचा. तिथं पाईप धरायचे दिगंबरराव, सरपंचांचे पुतणे. आधी त्यांची पिंपं, मग त्यांच्या जनावरांचा हौद, मग गाव. आमच्या वस्तीत यायचा तो तळाचा गाळ.

आई कोरड्या नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायची. वस्तीतली लेकरं गढूळ पाण्यानं आजारी पडली होती. दादा सरपंचांकडं गेले, तहसीलला गेले. सगळीकडं एकच उत्तर, बघतो.

एके सकाळी दादा वेशीकडं निघाले. आदल्या संध्याकाळीच सिरियल झाली होती.

दादांना चष्मा फक्त वाचायला लागायचा. तो त्यांनी खिशात घातला.

"चष्मा कशाला?" आई म्हणाली. "टँकर वाचायचाय व्हय?"

"लागंल."

मी मागोमाग गेले.

दिगंबररावांनी पाईप आपल्याच पिंपात धरलेला. दादा शेजारी जाऊन उभे राहिले. चष्मा घातला. चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला.

घागरींचा आवाज थांबला.

"दिगंबरराव," दादा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जेवलाव का?"



आणि रांगेतून दिगंबररावांची आजी किंचाळली, "दिग्या, सोड की रं त्यो पाईप! काल असंच इचारलं आन् त्यो मेला!"

सगळी वेस हसायला लागली. बाया पोट धरून खाली बसल्या. दिगंबररावांनी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. पाईप हातातून निसटला आणि धार त्यांच्याच पायावर.

ड्रायव्हरनं उतरून कॉक बंद केला. तोही सिरियल बघणारा.

"दादा, पुढं बसा. आज आधी तुमच्याकडं."

दादा केबिनमध्ये बसून वस्तीत आले. गावातली पोरं मागं पळत होती. मीसुद्धा. कॉलेजची पोरगी, चप्पल हातात घेऊन.

पाईपमधून स्वच्छ पाणी पडलं. काशीबाईनं रिकामी घागर ढोलासारखी बडवली.

पाऊस पडेपर्यंत टँकर आधी आमच्याकडंच आला. दिगंबररावांनी पुन्हा पाईपला हात लावला नाही. आजीनं लावू दिला नाही.

मी दादांना जन्मभर विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

"न्हाय गं. माणसाला जेवण इचारलं, त्यात काय मुद्दाम?"

"आणि चष्मा?"

यावर ते नुसते मिशीत हसायचे.

काल आमच्या घरी चूल पेटली नाही. अंत्यविधी उरकून आम्ही ओसरीत बसलो होतो. संध्याकाळी दारात एक म्हातारा काठी टेकत आला. मागं सून, तिच्या डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी.

दिगंबरराव.

खाली बसले. चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला. त्यांचे डोळे भरलेले होते.

"ताई, जेवलाव का?"

मी हसले. भरल्या घरात, मोठ्यानं. माझ्यामागं सगळी ओसरी हसली.

मग आमच्याच ओसरीत, आमच्या पंक्तीला बसून दिगंबररावही जेवले.

दादा, या आता. इथली काळजी करू नका.

सगळे जेवलेत.