न घेतलेला गजरा

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आमच्या ह्यांना सांगायची राहून गेली — राहून गेली म्हणजे काय, मीच राहू दिली — आणि आता घरात ऐकायला कुणी उरलंही नाही. बोरीवलीतल्या दोन खोल्या, मी, आणि भिंतीपलीकडून येणारा शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज. तेव्हा तुम्हालाच सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

मी एका महिला मंडळाची सभासद आहे. आमची बोरीवलीची शाखा म्हणजे हळदीकुंकू, भजन आणि एकमेकींच्या सुनांची चौकशी. मुख्य कार्यालय मात्र मुलुंडला, आणि तिथलं काम खरं. इमारतीच्या मागच्या अंगाला निवासगृह आहे — नवऱ्यानं टाकलेल्या, घरातून निघून आलेल्या अशा वीसेक बायका राहतात. प्रत्येक शाखेतल्या काहीजणींनी वर्षातून एक दिवस तिथे जायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं.

त्या दिवसाची एक रीत आहे. निवासातल्या बायका सकाळी गजरे करतात. जेवणं झाली की जिला वाटेल तिनं आपला गजरा आम्हा सभासदांपैकी एकीच्या हातात द्यायचा. जिला गजरा मिळाला, ती त्या बाईचं वर्षभराचं माहेर. दिवाळीला आणि संक्रांतीला तिला आपल्या घरी न्यायचं, जेवू घालायचं, मधूनमधून फोन करायचा. एवढंच. गजरा नाकारायचा नाही असा दंडक आहे. तशी वेळ कधी आलीच नव्हती म्हणे.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही पाचजणी गेलो. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर गाडी रखडली होती आणि आमच्या अध्यक्षीण बाई सगळ्यांना आपापलं बालपण सांगायला लावत होत्या. मी पार्ल्याचं सांगितलं. शाखेत सगळ्यांना मी पार्ल्याचीच म्हणून माहीत. पार्ल्याला मी मावशीकडे दोन वर्षं होते, कॉलेजसाठी. त्या दोन वर्षांत मी अख्खं बालपण बसवलं होतं. खरी मी घाटकोपरच्या चाळीतली. ही थाप तशी निरुपद्रवी, नाही का? मलाही तसंच वाटायचं.

चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत सुलू राहायची. तिचे वडील गिरणीत होते, माणसं मालवणची, घरात बोलणं सगळं मालवणी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, डावखुरी, आणि भांडायला एक नंबर. आई वर्षभर अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्या घरचं पाणी सुलूनं भरलं. पहाटे चारला नळ यायचा. माझी दहावी होती, म्हणून ती मला उठवायचीच नाही. मी उठायचे तेव्हा पिंप भरलेलं असायचं. तिची स्वतःची शाळा आठवीत सुटली होती. आमच्या पाण्यामुळे सुटली असं नाही — पण वर्ष तेच होतं.

मग तिचं लग्न झालं, मानखुर्दला दिली. माझं झालं, मी बोरीवलीला आले. नवरा तिला मारतो असं कानावर यायचं. मी चुकचुकायचे आणि कामाला लागायचे. तीस वर्षं गेली.

मुलुंडला जेवण झालं. वालाचं बिरडं होतं, मी दोनदा मागून घेतलं. मग गजरे द्यायची वेळ झाली आणि माझ्यासमोर सुलू उभी राहिली. केस पांढरे, पुढचा एक दात नाही, हातात अबोलीचा गजरा. हसत होती. मला म्हणाली, "बेबी, माका वळाखलंस ना गो?"

बेबी मला चाळीत म्हणायचे. त्यानंतर कुणीच नाही.

मी गडबडून गेले. शेजारी अध्यक्षीण बाई बसलेल्या. मी म्हणाले, "तुमची काहीतरी चूक होतेय. माझं नाव शुभांगी."

झालं, एवढंच बोलले मी. वाक्यं दोन, त्यातलं एक खरंसुद्धा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात निवासाच्या व्यवस्थापिका आल्या, त्यांना सगळ्या माई म्हणतात. त्यांनी विचारलं, "काय गं सुलभा, ओळखीच्या आहेत का?"

आता ही सगळं सांगणार, असं मला वाटलं. चाळीतल्या भांडणात तिनं कुणाला सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"नाही माई," सुलू म्हणाली. "माझीच गफलत झाली. चेहरा तसाच वाटला."

"मग दे ना त्यांनाच गजरा. होईल ओळख."

"नको. त्यांचं घर लांब असेल."

तिनं तो गजरा पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि आमची ताटं उचलायला लागली. माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "ताई, झालं ना तुमचं?" मी मान हलवली. तिनं ताट उचललं. त्या वर्षी तिनं दुसऱ्या कुणालाच गजरा दिला नाही. हे मला नंतर कळलं, माई एकदा आमच्या शाखेत आल्या होत्या तेव्हा, सहज बोलण्यात. नियम असा की एकदा वेळ गेली की वर्षभर माहेर नाही. म्हणजे त्या दिवाळीला बाकीच्या बायका कुठे ना कुठे जेवायला गेल्या असतील, आणि ती निवासात बसून असेल.

परत आल्यावर शाखेत त्या भेटीचा वृत्तान्त मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून. भगिनींच्या डोळ्यांत कसा आनंद होता, वगैरे. सभेत वाचला, टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

नंतरची आठ वर्षं मुलुंडला जायची वेळ आली की माझे गुडघे दुखतात. हे असेपर्यंत त्यांच्या पथ्याचं निमित्त होतं, आता गुडघे. दोन वर्षांपूर्वी हे गेले, त्यानंतर एकदा फोन हातात घेतला होता. सुलभा अजून तिथेच आहे का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडून "हॅलो" आलं आणि मी फोन ठेवला. असेल तर काय बोलायचं? आणि नसेल, तर ते ऐकून मला हायसं वाटेल, याची मला भीती वाटली.

दिवाळीत मी आता एकटीच जेवते. फराळाचे डबे येतात शेजाऱ्यांकडून, सगळं ज्याच्या त्याच्या चवीचं. कधी कधी समोरच्या खुर्चीकडे बघते आणि मनात म्हणते, बसली असती इथे. शिव्या घातल्या असत्या मला, चकल्या मऊ झाल्या म्हणाली असती. हे मी तुमच्याकडून कीव मिळावी म्हणून सांगत नाही. ती खुर्ची मीच रिकामी ठेवलेली आहे.

मघाशी पार्ल्याचं सांगितलं, ते तुम्हाला पटलं असेल. चाळ लपवायची होती म्हणून बाई खोटं बोलली. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले. पण पार्ल्याचं उघडं पडलं असतं तर काय झालं असतं? चार दिवस हसल्या असत्या. मला भीती वेगळीच होती. ही एकदा घरी आली की येत राहील. दुखणंखुपणं सांगेल, राहू का म्हणेल, आणि तिला नाही म्हणायला मला तोंड उरणार नाही. तिनं भरलेलं पाणी मला परत भरायचं नव्हतं.

आणि मी गडबडले असं जे वर म्हटलं, तेही खरं नाही. सकाळी आम्ही आत शिरलो तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत एक बाई विळीवर बसून डाव्या हातानं नारळ खवत होती. तिनं मला पाहिलं नव्हतं. मी तिला पाहिलं आणि ओळखलं, त्याच क्षणी. मग जेवायला बसताना मी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले, आणि बिरडं वाढून घेत, सगळ्यांशी हसत-बोलत, काय म्हणायचं ते ठरवत राहिले. ती समोर येईपर्यंत माझ्याकडे दोन तास होते.