सासू दोनदा परतली त्या दिवसाची गोष्ट

मी प्रोग्राम लिहितो. आलापल्लीच्या पुढे वनखात्याच्या दोन नाक्यांवर मी एकेक टॅब बसवून दिला होता. मोहाची फुलं वेचायला जंगलात कोण गेलं, कोण परतलं, याची नोंद ठेवायला; 'परत' दाबलं की घरच्यांना मेसेज जायचा. उद्घाटनाला फीत होती, नारळ होता आणि 'आता एकही माणूस हरवणार नाही' असं भाषण होतं. ते मीच लिहून दिलं होतं.

प्रोग्राम बांधताना फ्रेमवर्कला, म्हणजे त्याच्या तयार सांगाड्याला, सांगावं लागतं, की अमुक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा कप्पा, प्रत्येक नोंदीला नवा करायचा, की एकदाच करून सगळ्यांना तोच द्यायचा. 'सध्याची व्यक्ती' या ऑब्जेक्टपुढे मी सिंगलटन लिहिलं. म्हणजे एकाच सर्व्हरला जोडलेल्या दोन्ही नाक्यांना मिळून एकच. चंद्रपुरात घरी, एकाच टॅबवर, सगळं बिनचूक चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नाक्यावरच होतो. गावातली एक बाई आली.

"भाऊ, सासू आली नाई अजून."

नाक्यावरच्या वनरक्षकाने टॅब पुढे केला. "बाई, बाराले परत आली दाखवून राह्यलं. तुले मेसेज नाई आला का?"

"आला. मेसेज आला, सासू नाई आली."

"मशीन खोटं कायले बोलन?"

"मंग मशीनमधूनच काढून द्या तिले."

मी नोंदी उघडल्या. बाराला या रक्षकाने म्हातारीचं नाव उघडून पाहिलं होतं. त्याच क्षणी दुसऱ्या नाक्यावर कोणा दुसऱ्यासाठी 'परत' दाबलं गेलं. ऑब्जेक्ट एकच, त्यात नाव म्हातारीचं. नोंदीत ती परतली. एरवी बारापर्यंत न आलेल्याला शोधायला रक्षक निघतो. आता तीन वाजले होते.

इथे मोहाची झाडं घरोघरची ठरलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वेचत नाही. म्हणून ती कुठे असेल हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिच्या आसपास कोणी नव्हतं.

ती झाडाखाली बसलेली सापडली. पाय मोडलेला, टोपली रिकामी. टोपलीतला मोह अस्वल तिच्यापासून हातभर अंतरावर खाऊन गेलं होतं, असं ती म्हणाली.

"आवाज देऊन राह्यली होती मी. काऊन आलं नाई कोणी?"

रक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी रिकामी टोपली उचलली.

खोलीवर येऊन 'सिंगलटन' हा एक शब्द बदलला. दोन मिनिटांचं काम. म्हातारीची खरी वेळ भरली, पण आधीची नोंद पुसली नाही. त्या तारखेला ती दोनदा परतलेली दिसते, बाराला आणि साडेचारला. मधल्या वेळात ती हाका मारते आहे, त्याची नोंद कुठेच नाही.