आता सुचलं गे तुका?

पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलच्या भोंप्यापासून हेडमास्तरांच्या खोकल्यापर्यंत मी सगळ्यांच्या नकला करायचो, पण घरात चालायची ती बाबांची. बाबा पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे आणि घरी दुर्मीळ कॅक्टस वाढवायचे. खाणीची लाल धूळ बसली की दाढीच्या ब्रशने एकेक झाड पुसत बसायचे. आईशी कमी, झाडांशी जास्त भांडायचे. त्यातलं एक बिनकाट्यांचं, चांदणीच्या आकाराचं. बी पेरून वाढवलेलं, पण कधीच न फुललेलं. त्या चांदणीला रोजचा टोमणा ठरलेला, "कधी फुलतलंस गे? मी गेल्यार?" मी तेच त्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं की सगळ्यात जास्त तेच हसायचे.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. झाडांचं मी बघायला लागलो. उन्हाळ्यात एका दुपारी चांदणीच्या डोक्यावर पिवळं फूल उघडलं. कुंडी उचलून मी थेट त्यांच्या खाटेशी नेली. ते बघत राहिले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. म्हणून त्यांच्या वतीने, त्यांच्याच आवाजात मी म्हटलं, "आता सुचलं गे तुका?"

आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "उलयले? बाबा उलयले रे?"

बाबा बोलले नव्हते. मी नाही म्हणून मान हलवली. ती खाटेच्या कडेला बसली. फुलाकडे बघत म्हणाली, "परत एकदा म्हण."

मी म्हटलं. पण या वेळी तो माझाच आवाज निघाला.